मदत हवी आहे : रील बघून पाणमांजर पाळायला निघालेल्याला कसं आवरावं?

मंडळी, नमस्कार.

आमच्या आतेभावाच्या डोक्यात सध्या पाणमांजर शिरलंय. टबात डुंबणारं, मालकाच्या हातून मासा ओढून घेणारं, पंजात खडा खेळवणारं. असल्या रील्स तो रोज घरच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली बदामांचा पाऊस पडतो. (आत्याने होकार दिलेला नाही, पण ठाम नकारही नाही.)

माहिती देऊन झाली. लहान नख्यांचं आशियाई पाणमांजर २०१९ साली साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे जंगलातून पकडलेल्यांचा आंतरराष्ट्रीय धंदा बंद. यावर उत्तर आलं, "मग एवढे लोक पाळतात कसे?" गोम इथेच आहे. जे रोज डोळ्यांसमोर नाचतं ते दुर्मिळ असेल हे पटतच नाही. २०११ साली चिंपांझीच्या फोटोंवर एक अभ्यास झाला होता. फोटोत शेजारी माणूस उभा असला की बघणाऱ्यांना चिंपांझी जंगलात भरपूर आहेत असं जास्त वाटायचं, आणि ते पाळावेसेही वाटायचे.

गुदगुल्या करून घेणाऱ्या स्लो लोरिसचा (माकडांच्या नात्यातला, मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी) गाजलेला व्हिडिओही दाखवला. हात वर करणं ही त्याची बचावाची तयारी. कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो, म्हणून विकणारे पुष्कळदा त्याचे दातच तोडतात. भाऊ क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पाणमांजर थोडंच विषारी असतं?"

आता जाणकारांना विचारायचंय.

अशा रीलखाली खरमरीत कमेंट लिहावी का? मला वाटतं, भांडणानेही रील वरच चढते. गुपचूप रिपोर्ट करणं बरं, पण त्याने खरंच काही होतं का?

दुसरं म्हणजे "रेस्क्यू केलंय" म्हणणारी अकाउंटं. जंगलात सोडायचा प्राणी माणसाळू नये म्हणून खरी केंद्रं त्याला कुरवाळत नाहीत, एवढं कळतं. पण कायमचा जायबंदी प्राणी असेल तर? खरं-खोटं ओळखायचं कसं?

आणि कोणी बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात पाणमांजरं सांभाळली असतील तर रोजचं काम कृपया सविस्तर लिहा : वास, किंचाळणं, चावे, पाण्याची घाण, सगळं. जसंच्या तसं त्याला वाचायला देईन. 'पाळू नका' छापाच्या लिंका मात्र नकोत, त्या तो न उघडताच पुढे सरकवतो.