पृथ्वीप्रदक्षिणेचं बिझनेस तिकीट: आधी मार्ग की आधी माइल्सचं खातं?

खिडकीवाला (धागाकर्ता):
आठ महिन्यांची रजा जमतेय. बिझनेस क्लासने जगाला एक फेरी मारायचा बेत आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: असं तिकीट विमान कंपन्यांच्या युत्या विकतात. स्टार अलायन्सचं मैलांवर चालतं. बिझनेसला २९, ३४ किंवा ३९ हजार मैल, आणि मधे रेल्वेने कापलेलं अंतरही त्यातच धरतात. वनवर्ल्डच्या एक्सप्लोररला मैलांचं सोयरसुतक नाही. तिथे खंड मोजतात, तीन ते सहा. दोन्हीकडे उड्डाणं जास्तीत जास्त १६, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच, मुदत वर्षाची.

माझं मत ठाम आहे. आधी नकाशा घेऊन बसा, मार्ग पक्का करा, मग तो ज्या युतीत बसेल तिच्यातल्या कुठल्याही कंपनीत माइल्सचं खातं उघडा (माइल्स म्हणजे उड्डाणांवर मिळणारे गुण, अंतराचे मैल नव्हेत). लोक आधी चकचकीत कार्ड निवडतात आणि मग त्या कार्डापायी नको त्या शहरात उतरतात.

डी_क्लास:
"कुठल्याही कंपनीत" इथेच घोडं पेंड खातं, मालक. वनवर्ल्डचं हे तिकीट बिझनेसमध्ये डी या बुकिंग क्लासला, म्हणजे भाड्याच्या वर्गाला, निघतं. त्याच डीवर एक कंपनी भरभरून माइल्स देते, दुसरी हात आखडता घेते. सोळा उड्डाणांत हा फरक कुठल्या कुठे जातो. त्यात डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये आपल्या उड्डाणांचे माइल्स अंतर सोडून तिकिटाच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजचे टियर पॉइंटही, ज्यांवर सभासदाचा दर्जा म्हणजे स्टेटस ठरतं, एप्रिल २०२५ पासून खर्चावर गेले. कुठल्या क्लासला किती माइल्स हा तक्ता न वाचता खातं उघडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि एक गंमत. स्टारमधल्या युनायटेडचं स्वतःचं गोल्ड दर्जाचं कार्ड असेल तर फक्त अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना तिच्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. दुसऱ्या एखाद्या स्टार कंपनीचं गोल्ड दाखवा, दार उघडतं! घरच्याला पाट नाही, पाहुण्याला चौरंग.

खिडकीवाला:
पण बिझनेसचं तिकीट हातात असताना लाउंज बहुतेक ठिकाणी आपसूक मिळतंच की. मग स्टेटसचं लोणचं घालायचं का?

डी_क्लास:
या फेरीत नाहीच उपयोग. फेरी संपल्यावर इकॉनॉमीत बसाल तेव्हा आठवण येईल माझी.

फुकट_फौजदार:
दोघंही विकत घ्यायच्याच गोष्टी करताय. साठलेल्या माइल्सवर जा ना! सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स-कार्यक्रमात ३५ हजार मैलांपर्यंतची स्टार प्रदक्षिणा आहे, क्वांटासकडे वनवर्ल्डमध्ये तेवढ्याच मैलांची, हाँगकाँगच्या कॅथेकडे तर ५० हजारांपर्यंत. म्हणजे आधी कार्यक्रम, मार्ग नंतर. धागाकर्त्याचा क्रमच उलटा आहे.

सोळावं_कूपन:
फौजदारसाहेब, बाजारात तुरी! बिझनेसच्या जागा भागीदारांना सोडतं कोण? सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या बहुतेक जागा आपल्याच सभासदांसाठी राखते. आणि माइल्स साठवत बसावं तर नियमच बदलतात. जपानच्या एएनए कंपनीची माइल्सवरची प्रदक्षिणा लोक वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे ठेवून होते, जून २०२५ मध्ये तिचं बुकिंगच बंद झालं. विकतच्या तिकिटात निदान तारीख बदलता येते, तीही सहसा पैसे न देता. मार्ग बदलला की मात्र दंड.

फुकट_फौजदार:
एएनएचं दुखणं मान्य. म्हणूनच म्हणतो, साठवू नका, खर्चा.

वळणावर:
मी अशी फेरी केली आहे, विकतच्या तिकिटावर. तुमच्या वादात दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, सुरुवात कुठून. तोच मार्ग, तीच विमानं, पण भाडं ठरतं पहिलं उड्डाण ज्या देशातून निघेल त्यावरून, आणि तफावत डोळे पांढरे करणारी असते. आधी वेगळं साधं तिकीट काढून त्या देशात गेलात तरी परवडू शकतं. कार्ड, माइल्स वगैरे सगळं याच्यापुढे किरकोळ.

दुसरी माझ्याच अंगावर आलेली. चौथ्या उड्डाणाची वेळ कंपनीने बदलली, नवीन वेळ मी फोनवर मान्य केली, ॲपमध्ये हिरवी खूण दिसत होती. काउंटरवरची बाई म्हणाली, "बुकिंग आहे, तिकीट नाही." आरक्षण बदललं होतं, तिकीट नव्याने काढायचं राहिलं होतं. बॅग वजनकाट्यावर, मागे रांग, आणि मी दोन तास फोन कानाला लावून. हा दोष कुठल्या युतीचा नव्हे, मधल्या हातांचा. तेव्हापासून दर बदलानंतर तेरा आकडी तिकीट नंबर स्वतः तपासतो.

डी_क्लास:
+१. आणि एकही उड्डाण मनाने सोडू नका, पुढची सगळी कूपनं, म्हणजे तिकिटातली उरलेली उड्डाणं, रद्द होऊ शकतात.

खिडकीवाला:
वळणावर, ही मोलाची माहिती. माझं मत निम्मं बदललं, निम्मं तसंच. काल नकाशावर सिडनी-सांतियागो रेघ मारली, क्वांटास नेते. पुढे लिमाला जायचं तर घोडं अडलं: दक्षिण अमेरिकेतली लाटाम कंपनी २०२० मध्येच वनवर्ल्डमधून बाहेर पडली. म्हणजे तो तुकडा वेगळ्या तिकिटावर. कार्ड कुठलंही असो, विमानच नाही तर काय कामाचं?

डीचा तक्ता मात्र आज रात्री वाचतो. सुरुवात कुठून करायची त्यावर कुणी अलीकडे भाव काढून पाहिलेत का? चार खंड, बिझनेस.