कॅनडातल्या स्त्रियांना मताधिकार नेमका कधी मिळाला? 1917, 1918 की 1940?

प्रश्न: तिन्ही सालं वाचनात येतात. पहिल्या महायुद्धामुळेच हक्क मिळाला, हे कितपत खरं?

उत्तर १: तिन्ही बरोबर, फक्त गोष्टी वेगळ्या. 1917 चा हक्क सरसकट नव्हताच. सक्तीच्या सैन्यभरतीवर निवडणूक होती, म्हणून पंतप्रधान बोर्डेन यांनी लष्करी परिचारिकांना आणि सैनिकांच्या पत्नी, विधवा, आई, बहीण, मुलगी यांना मत दिलं. हिशेब सरळ होता: घरचा माणूस आघाडीवर असेल, तर भरतीला पाठिंबा मिळणार. नातलग स्त्रियांना मत देणाऱ्या कायद्यानेच शत्रुदेशांत जन्मलेल्या आणि 31 मार्च 1902 नंतर नागरिकत्व घेतलेल्या बहुतेकांचं मत काढून घेतलं! इतर स्त्रियांना केंद्रीय मताधिकार 1918 मध्ये मिळाला. 1940 हे क्वेबेकच्या प्रांतिक निवडणुकांचं साल.

उत्तर २: श्रेय एकट्या युद्धाला देऊ नका. मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा यांनी 1916 मध्येच प्रांतिक हक्क दिला होता, त्यामागे चळवळीची बरीच वर्षं होती. शिवाय 1918 नंतरही वंशावर आधारित अटी राहिल्याच. चिनी आणि भारतीय वंशाच्यांवरची बंदी 1947 मध्ये उठली, जपानी वंशाच्यांची 1948 मध्ये. ‘स्टेटस इंडियन’ (म्हणजे कायद्याने सरकारदरबारी नोंद असलेल्या) आदिवासींना तो दर्जा न सोडता केंद्रीय मत द्यायला 1960 उजाडलं.

उत्तर ३: युद्धामुळे मिळालेलं टिकतंच असंही नाही; दुसऱ्या महायुद्धातली पाळणाघरं बघा. 1942 च्या करारात खर्च केंद्र आणि प्रांत निम्मा-निम्मा उचलणार होते, पण चालवली फक्त ऑन्टारियो आणि क्वेबेकने. युद्ध संपल्यावर केंद्राचा पैसा थांबला.