प्रश्नमंजूषेचे नियम ठरवायचेत, उजनीवरून पुन्हा भांडण नको

माळावरची_बाई

नमस्कार मंडळी. मी मोहोळ तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. आजूबाजूच्या आठ शाळा मिळून आम्ही दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांची प्रश्नमंजूषा घेतो. विषय ठरलेला: पाणी, माती, झाडोरा, गवताळ माळ आणि हे सगळं जपून कसं वापरायचं. गड्ड्याची जत्रा आटोपली की जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी स्पर्धा होते. (दहावीला घेत नाही. त्यांच्या सराव परीक्षा असतात आणि पालक आमच्या अंगावर येतात.)

यंदा नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी मी फक्त फळ्यावर गुण लिहायला होते. शेवटची फेरी, प्रश्न आला: 'उजनी धरणाची क्षमता किती?' पहिल्या संघातल्या मुलाने छातीठोकपणे सांगितलं, ११७ टीएमसी. प्रश्न विचारणाऱ्या सरांच्या कागदावर होतं ५३. उत्तर चूक ठरलं, प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, तिथल्या मुलीने ५३ सांगितलं, पाच गुण मिळाले आणि त्याच पाच गुणांवर ढाल गेली.

मग त्या मुलाचे वडील उठून थेट स्टेजवर. त्यांचं मूळ गावच उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. "आम्हाला सांगता व्हय उजनी किती ते?" म्हणाले. सभागृहात चिडीचूप. सरांनी गडबडून दोघांनाही अडीच-अडीच गुण दिले, म्हणजे कुणाचंच समाधान नाही. मी फळ्यावरचा तो रकाना इतक्यांदा पुसला की खाली खडूचा पांढरा डाग तेवढा राहिला.

तर विचारायचं हे की, वाद झाला की शेवटचा शब्द कुणाचा? चुकीला गुण कापायचे का? कापले की आमची वाडीवस्तीवरची पोरं तोंडच उघडत नाहीत. आणि बरोबरी झाली तर? गेली दोन वर्षं चिठ्ठ्या टाकल्या, मला ते मनापासून पटत नाही.

निवृत्त_कालवा

मॅडम, पाटबंधारे खात्यात उमर गेली, म्हणून आधी उजनीचं बोलतो. मुलगा बरोबर आणि मुलगीही बरोबर. एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात. त्यातला उपयुक्त साठा ५३ च्या वर थोडा, आणि मृत साठा ६३ च्या वर. म्हणजे आपल्या धरणात उपयुक्तपेक्षा मृत पाणीच जास्त! असं धरण विरळाच. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे तीस टक्के' असं येतं ते यामुळेच. पाणी मृत साठ्यात उतरलं की टक्केवारी शून्याच्या खाली मोजतात. धरण कोरडं पडलेलं नसतं, पण कालव्यात पाणी आपसूक जाण्याइतकी पातळी राहिलेली नसते. मग पंप लावून उपसायचं.

चूक प्रश्नाची होती. 'क्षमता' म्हणजे कुठली, ते लिहायलाच पाहिजे होतं. माझं म्हणाल तर आकडा विचारूच नका. 'धरण उणे कसं काय होतं?' असं विचारा. पाठ केलेलं पोर आणि समजलेलं पोर लगेच वेगळं होईल.

आणि टीएमसी टीएमसी सगळेच करतात, म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये साधारण २,८३२ कोटी. हा प्रश्न सूत्रसंचालकाला आधी विचारून बघा, मजा येते.

बझर_दाब्या

मी कॉलेजात असताना चिक्कार क्विझ खेळलो, आता पुण्यात नोकरीला आहे. मॅडम, तुमच्या स्पर्धेतला खरा अन्याय दुसरीकडेच आहे, कुणाच्या लक्षात येत नाही. पास झालेला प्रश्न नेहमी पुढच्याच संघाला मिळतो ना? मग ज्याच्या आधीच्या खुर्च्यांवर कच्चा संघ बसलाय, त्याची चांदीच की! फुकटचे गुण मिळत राहतात.

दोन उपाय सांगतो. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि अर्धी फेरी झाली की फिरण्याची दिशा उलटी करायची. नाहीतर आम्ही करायचो तसं करा: ज्या संघाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू, आणि प्रश्न थेट आलेला असो की पास होऊन आलेला, गुण दहाच. एक फेरी झाली की पोरांना आपोआप कळतं.

चुकीला गुण कापणं फक्त बझरच्या फेरीत. तिथे नाही कापले तर पोरं प्रश्न ऐकायच्या आधीच दाबत सुटतात. बझर वाजला की वाचन तिथंच थांबवायचं, जेवढं ऐकलं तेवढ्यावर पाच सेकंदांत उत्तर. तोंडातून निघालेलं पहिलं उत्तर धरायचं. 'नाही नाही सर, मला असं म्हणायचं होतं' बंद.

अजून एक. आकड्याच्या प्रश्नाखाली तो आकडा कुठल्या वर्षाचा ते तुमच्या कागदावर लिहून ठेवा. आमच्या वेळी नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्रफळ विचारलं होतं. जुन्या पुस्तकात ८,४९६ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये ते १,२२२ वर आणलं. आम्ही जुनं पाठ केलेलं. बसलो बोंबलत.

अक्कलकोटची_टीचर

ताई, मी कन्नड माध्यमाच्या शाळेत आहे, तुमच्या आठांत आमची नाही, तरी बोलते. भाषेचा नियम कागदावर आणा बाई! आपल्या जिल्ह्यात मराठी, कन्नड, उर्दू अशा माध्यमांची मुलं आहेत, सोलापूर शहरात तर घरी तेलुगू बोलणारी कितीतरी. माझी विद्यार्थिनी एका स्पर्धेत गेली होती. कोरडवाहू जमिनीतलं रब्बीचं मुख्य पीक विचारलं. ती म्हणाली, 'जोळ'. मायक्रोफोनवरून उत्तर आलं, 'चूक'. अहो, जोळ म्हणजे ज्वारीच! ती परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली होती, मी तिला काही विचारलं नाही.

आम्ही आता प्रत्यक्ष वस्तू ठेवतो. टेबलावर पानांची डहाळी ठेवायची. मराठी मूल कडुनिंब म्हणेल, कन्नड बेवू, तेलुगू वेप, उर्दू नीम. परीक्षकांच्या कागदावर चारही नावं हवीत. मातीचंही तसंच करतो. तीन वाट्यांत काळी, मुरमाड आणि चुनखडीची माती, सोबत पाण्याचा तांब्या. भिजवून गोळा करून बघायला मुलांना मुभा द्यायची. काळीचा गोळा होतो आणि हाताला चिकटून बसतो, मुरमाड हातातच फुटते. कुठल्या जमिनीत पाणी थांबेल हे विचारायची मग गरजच राहत नाही.

माळावरची_बाई

अहो, वाचून मी दोनदा चहा केला. वाट्यांची फेरी घेतेच घेते. आमच्या शिपाईमामांनी आत्ताच विचारलं, 'स्टेजवर चिखल झाला तर कोण धुणार?' खाली पोतं अंथरू म्हणाले.

आत्तापर्यंत मी लिहिलेलं असं: संघ दोघांचा. सकाळी पंचवीस प्रश्नांची लेखी चाळणी, त्यातून सहा संघ स्टेजवर. थेट प्रश्नांना पुण्याच्या दादांची पद्धत, गुण सरसकट दहा. कापणी फक्त बझरला, पाच गुणांची. बोलीतलं, कुठल्याही माध्यमातलं नाव चालेल, परीक्षकांना कळलं नाही तर मुलाने ते समजावून सांगायचं. 'मृदसंधारण' न म्हणता कुणी 'बांधबंदिस्ती' म्हणालं तरी दहा गुण. (गेल्या वर्षी याला पाचच दिले होते, का ते विचारू नका.)

वादाचं असं ठरवते की हरकत त्या-त्या फेरीच्या शेवटपर्यंतच घ्यायची, आणि ती मुलांनीच घ्यायची, पालकांनी नाही. दोन परीक्षक प्रश्न विचारणाऱ्यापासून वेगळे बसतील. उत्तरं दोन्ही बरोबर निघाली तर अर्धे-मुर्धे गुण नाहीत, प्रश्न रद्द आणि राखीव प्रश्न वाचायचा. राखीव दहा प्रश्न पाकिटात, पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात.

बरोबरीचं मात्र अजून अडलंय.

निवृत्त_कालवा

बरोबरीला अंदाजाचा प्रश्न ठेवा, जवळ जाईल तो जिंकला. मात्र हवेतला अंदाज नको, मोजून काढता येईल असा. तुमच्याकडे पत्र्याची शेड असेल ना? तिची लांबी-रुंदी सांगा, पाऊस सांगा आणि किती लिटर पाणी मिळेल ते दोन मिनिटांत पाटीवर लिहायला सांगा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढंच सूत्र. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यावरून हिशेब केला की पोरं तोंडात बोट घालतात. एवढं पाणी पन्हाळीवाटे गटारात जातंय म्हणून.

माळावरची_बाई

आज मधल्या सुट्टीत नववीच्या चार पोरांना घेऊन सायकलींची शेड मोजली. टेप कमी पडला, मग सुतळी लावली. १२ मीटर बाय ६ मीटर भरली. म्हणजे ७२ चौरस मीटर. २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस धरला तर १,८०० लिटर. एकाने लगेच शंका काढली, 'बाई, पत्रा उतरता हाय, मग पत्र्याची लांबी धरायची का खालची?' मी गप्प. तुम्हीच सांगा.

निवृत्त_कालवा

खालची. जमिनीवर सावली पडते तेवढी लांबी-रुंदी धरायची, उतार धरायचा नाही. पाऊस सरळ खाली पडतो असं मानून. पोरगं हुशार आहे, त्याला संघात घ्या.

माळावरची_बाई

सांगितलं त्याला. म्हणतो, 'आपल्याकडं पाऊस कधी सरळ पडलाय बाई? वाऱ्यासंगं तिरकाच येतो की.'