विषय: नेता बदलला, आता कराराचं काय?

नमस्कार मंडळी,

एखाद्या देशात सत्तांतर झालं की त्याची दुसऱ्या देशांशी असलेली लष्करी युती मोडणार का, हा प्रश्न लगेच येतो. माझं म्हणणं, भाषणं नंतर ऐका, आधी कराराचं शेवटचं पान काढा. बाहेर पडायचं कलम बहुधा तिथेच असतं. नोटीस कोणाला द्यायची आणि मुदत किती, हे बघा.

नाटोत कलम 13 आहे: नोटीस अमेरिकेच्या सरकारकडे, मुदत एक वर्ष. खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षालाही हे एकट्याने करता येऊ नये म्हणून डिसेंबर 2023 मध्ये कायदा झाला. सिनेटचं दोन तृतीयांश बहुमत नाहीतर अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, वेगळा कायदा लागतो.

मुदतीचा उपयोग काय, ते फिलिपिन्समध्ये दिसलं. अमेरिकी सैनिकांच्या वास्तव्याचा करार रद्द करायची नोटीस दुतेर्ते सरकारने 11 फेब्रुवारी 2020 ला दिली. मुदत 180 दिवस, म्हणजे ऑगस्टमध्ये विषय संपला असता. जूनमध्ये मोजणी थांबवली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा, पुढच्या जूनमध्ये तिसऱ्यांदा, आणि जुलै 2021 मध्ये नोटीसच मागे घेतली. 1951 चा मूळ संरक्षण करार या सगळ्यात जागचा हलला नव्हता. दुतेर्तेंनंतर मार्कोस अध्यक्षपदी आल्यावर 2023 मध्ये अमेरिकी सैन्याला खुले असलेले तळ पाचाचे नऊ झाले.

---

उत्तर:

कलमाचं पटलं, पण युती मोडायला नोटीस लागते, पोकळ करायला लागत नाही. फ्रान्समध्ये द गॉल 1958 मध्ये सत्तेवर आले. 1959 मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रातलं फ्रेंच आरमार नाटोच्या हुकुमाखालून काढलं, 1966 मध्ये सगळंच सैन्य काढलं आणि परक्या फौजांना 1 एप्रिल 1967 पर्यंत देश सोडायला सांगितलं. नाटोला मुख्यालयासकट बेल्जियमला बिऱ्हाड हलवावं लागलं. कलम 13 ला मात्र कोणी हात लावला नाही, फ्रान्स सदस्यच राहिला. एकत्रित लष्करी रचनेत तो परतला 2009 मध्ये, तेही अणुनियोजन गट (अण्वस्त्रांचं धोरण ठरवणारा नाटोचा गट) वगळून. म्हणून मी तरी सेनापती कोणाच्या हुकुमाखाली आहेत तेच आधी बघतो.

---

उत्तर:

आणि जिथे संसदेने मंजूर केलेला तहच नसतो तिथे? इराणशी 2015 साली झालेला अणुसमझोता तह म्हणून सिनेटच्या मंजुरीला गेलाच नव्हता. मे 2018 मध्ये नव्या अध्यक्षाच्या एका सहीवर अमेरिका बाहेर पडली. दुसऱ्या पक्षाने अशा वेळी आधीच विचारून घ्यायला हवं की हा शब्द देशाचा की या सरकारचा. हे न विचारल्याची किंमत फार मोठी असते.

उलट, कामच अडणार असेल तर घोषणा कामाला वळसा घालते. मालदीवमध्ये अध्यक्ष मुइझ्झू नोव्हेंबर 2023 मध्ये सत्तेवर आले ते भारतीय सैनिक परत पाठवण्याच्या शब्दावर. 10 मे 2024 पर्यंत सैनिक गेले. पण बेटांवरचे रुग्ण हलवायला वापरली जाणारी दोन हेलिकॉप्टरं आणि डॉर्निअर विमान तिथेच राहिलं. ती चालवायला सैनिकांच्या जागी भारतातलेच नागरी तंत्रज्ञ आले. ऑक्टोबरमध्ये त्याच सरकारने भारताशी 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीवर (गरजेला भारताकडून परकीय चलन उचलण्याच्या सोयीवर) सही केली.