मदत हवी आहे: मारुती जिप्सी १.३ च्या फ्लायव्हीलची (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाची) मापं (पद्मिनीसाठी अडॅप्टर करायचा आहे)

नमस्कार मंडळी,

तुमच्यापैकी कुणाच्या १.३ जिप्सीचा गिअरबॉक्स सध्या खाली उतरवलेला असेल, किंवा क्लचच्या कामासाठी लवकरच उतरणार असेल, तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. मला काही मापं हवी आहेत. व्हर्नियर आणि डेप्थ गेज हाताशी असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. इंजिन मूळचंच आहे, फियाटचं १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५. गेल्या वर्षी बोअरिंग करून पिस्टन बदलले, क्रँक ग्राइंड केला, आणि आता ते इतकं गोड चालतं की ऐकत बसावंसं वाटतं. दुखणं गिअरबॉक्सचं आहे. एका गॅरेजात तो उतरवताना जॅकवरून निसटला, केसिंगला तडा गेला आणि बेल हाउसिंगचा (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं घंटेसारखं आवरण) एक कान मोडला. दोनदा वेल्डिंग केलं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने केसिंग ओढलं गेलं आणि तिसरा गिअर लोड आला की बाहेर उडी मारतो. दुसरा हँडगिअर (स्टिअरिंगजवळ दांडा असलेला) बॉक्स शोधण्यात आठ महिने गेले. मिळाले ते दोन्ही टॅक्सीतून निघालेले, दातांची पार वाट लागलेली.

शेवटी भंगारवाल्याकडून जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स आणला. जिप्सीचाच का, तर तिचं इंजिन पद्मिनीसारखंच गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. ट्रान्सफर केस बाजूला ठेवली की गिअरबॉक्समधून थेट मागच्या एक्सलकडे प्रॉपेलर शाफ्ट नेता येतो. पाचवा गिअर हायवेला मिळेल, तो फायदा वेगळाच. इंजिन बदला असा सल्ला अनेकांनी दिला. ते करणार नाही. आरसी बुकात जो इंजिन नंबर आहे तो वडिलांच्या गाडीचा आहे आणि तो तसाच राहणार.

आता अडचण. गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग मिळालं, पण इंजिन नाही, म्हणजे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) काहीच नाही. फ्लायव्हील सुटं विकत मिळेल. पण नुसतं फ्लायव्हील हातात घेऊन मला जे हवं ते कळत नाही. ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून क्रँकची फ्लँज (फ्लायव्हील जिथे बोल्टने बसतं ते सपाट तोंड) किती बाहेर किंवा आत असते, ते फक्त इंजिनावरच मोजता येतं. सगळा अडॅप्टर त्या एका आकड्यावर उभा आहे.

कारण असं: फियाटच्या ब्लॉकवर एक प्लेट बसेल आणि तिच्यावर जिप्सीचं बेल हाउसिंग. समजा प्लेट १६ मिमी जाड केली, तर बेल हाउसिंग तेवढं मागे गेलं. म्हणून क्रँक आणि फ्लायव्हीलच्या मध्ये स्पेसर लागणार. स्पेसरची जाडी म्हणजे प्लेटची जाडी, अधिक जिप्सीचं ब्लॉक ते फ्लँज अंतर, वजा फियाटचं तेच अंतर. हे चुकलं तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) एक तर प्रेशर प्लेटच्या बोटांवर कायम दाबून राहील, नाहीतर क्लच सुटणारच नाही. शिवाय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मध्यावरच्या पायलट बुशमध्ये पुरेसं शिरायला हवं. फियाटकडची मापं मी घेऊन ठेवली आहेत. उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरदादांनी स्पेसरसाठी ईएन८ पोलादाचा तुकडाही काढून ठेवलाय. ते रोज विचारतात, "माप आलं का?"

हवी असलेली मापं:

सर्वांत आधी, ब्लॉकचं मागचं तोंड ते क्रँक फ्लँज. ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या मध्ये पातळ पत्रा असेल, तर तो धरून मोजलं की सोडून, हे आवर्जून लिहा. क्रँकला थोडी एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) असते, म्हणून तो रेडिएटरच्या बाजूला ढकलून मगच मोजा.

मग ब्लॉकचं तोंड ते फ्लायव्हीलचा घर्षणाचा पृष्ठभाग. प्रेशर प्लेट जिथे बसते ती कड आणि क्लच प्लेट जिथे घासते तो भाग एकाच पातळीत आहेत की मध्ये स्टेप आहे? असेल तर किती? आणि फ्लायव्हील पूर्वी कधी लेथवर फेस केलंय का, तेही सांगा. केलेलं असेल तर जाडी मूळची राहिलेली नसते.

क्रँक फ्लँजचे बोल्ट किती, कोणत्या साइझचे, त्यांचा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) किती, आणि फ्लायव्हील मध्यावर बसवणाऱ्या स्पिगॉटचा (गोल उंचवट्याचा) व्यास. बोल्ट सम संख्येत असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, त्यात एका भोकाचा व्यास मिळवा, झाला पीसीडी. एखादं भोक मुद्दाम सरकवलेलं असेल तर तेही बघा.

रिंग गिअरचा (फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी कडी) बाहेरचा व्यास, दात आणि ब्लॉकपासूनचं अंतर. जमल्यास ब्लॉकवरच्या दोन डॉवेलमधलं (बेल हाउसिंग नेमकं जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) अंतर.

एक विनंती: ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीची मापं नकोत. एस्टीमच्या १.३ ची असतील तर चालतील, पण कोणत्या गाडीची ते स्पष्ट लिहा.

प्रतिसाद: एवढं कशाला? फियाटचंच फ्लायव्हील ठेवा, त्यावर जिप्सीच्या प्रेशर प्लेटची भोकं पाडून घ्या. स्पेसरच लागणार नाही.

धागाकर्ता: दादा, हा विचार मीही केला होता. जिप्सीचा स्टार्टर बेल हाउसिंगवर बसतो. त्याचं पिनियन (छोटं दातेरी चाक) फियाटच्या रिंग गिअरला नेमकं भिडलं पाहिजे. व्यास आणि दातांचा पिच दोन्ही जुळले तरच ते शक्य आहे. म्हणूनच रिंग गिअरचीही मापं मागितली आहेत. जुळलं तर तुमच्याच मार्गाने जाईन.

प्रतिसाद: स्पीडोमीटरचं काय ठरवलंय? जिप्सीची केबल ट्रान्सफर केसला लागते. ती काढली की काटा शून्यावर.

धागाकर्ता: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. प्रॉपेलरवर सेन्सर बसवता येईल, पण डॅशबोर्डवरचं मूळ मीटर बंद पडू द्यायचं नाही. कुणी केबलचा मार्ग काढला असेल तर सांगा.

प्रतिसाद: प्लेट बोल्टने आवळून थांबू नका. क्रँकवर डायल गेज लावून बेल हाउसिंगचं मधलं भोक फिरवून बघा. पाच थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत रनआउट, म्हणजे भोक केंद्रापासून ढळल्याचं माप, आला पाहिजे. आमच्या एका जीपचा याच चुकीने सहा महिन्यांत इनपुट बेअरिंग गेला. आणि डॉवेल डायल बघून झाल्यावरच पक्के करा, आधी नाही.

धागाकर्ता: टर्नरदादांना हे वाचून दाखवलं. त्यांनी डॉवेलची भोकं शेवटी रीम (नेमक्या मापाला गुळगुळीत) करायचं कबूल केलंय.

प्रतिसाद: माझी १९९९ ची जिप्सी आहे, नाशिकला. रविवारी क्लचसाठी बॉक्स उतरवतोय. फ्लायव्हील काढायचा विचार नव्हता. न काढता किती मापं मिळतील?

धागाकर्ता: साहेब, फार मोठी मदत होईल! न काढता घर्षणाचा पृष्ठभाग, स्टेप, रिंग गिअर आणि डॉवेल एवढं मिळेल. फ्लायव्हीलवर सरळ पट्टी आडवी धरा, ती रिंग गिअरच्या बाहेर येऊ द्या, आणि पट्टीपासून ब्लॉकच्या तोंडापर्यंत डेप्थ गेज सोडा. दोन-तीन ठिकाणी घ्या. फ्लँजचं माप मात्र फ्लायव्हील काढल्याशिवाय नाही. पण त्यामागे क्रँकचं मागचं ऑइल सील असतं. बॉक्स उतरलाच आहे तर ते बदलून घेतलेलं तुमच्याही फायद्याचं. सीलचा आणि फ्लायव्हीलच्या नवीन बोल्टचा खर्च मी देतो, शनिवारी पार्सल टाकतो. फक्त काढण्यापूर्वी फ्लायव्हील आणि क्रँकवर एक खूण करून ठेवा, म्हणजे परत त्याच जागी बसेल.