ल्योंला दोन वर्षांसाठी जात आहोत: रोजचे दिवस आणि सुट्टीचे वार कसे जातात?

घोडबंदरकर:
नमस्कार. माझ्या यजमानांची फ्रान्समधील ल्यों शहरात दोन वर्षांसाठी बदली झाली असून नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. प्रेक्षणीय स्थळांची यादी कुठेही मिळते, ती मला नको आहे. यजमान कामावर गेल्यावर घरी राहणाऱ्या माणसाचा दिवस तिथे कसा जातो, आम्ही शाकाहारी असल्याने बाजारहाट कसा जमतो आणि गाडी नसताना शनिवार-रविवारी कुठे जाता येते, हे तिथे राहून आलेल्यांकडून ऐकायचे आहे. ठाण्यात संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारली तरी चार ओळखीची माणसे भेटतात. तिथला एकटेपणा झेपेल का, हीच खरी काळजी आहे.

नेरूळकर_अनघा:
आम्ही उभयता तिथे राहून आलो आहोत, म्हणून सविस्तर लिहिते. माझे स्पष्ट मत असे आहे की सुट्टीच्या सहलींवर मन रमत नाही. आठवड्याचे वार आपल्या ठरलेल्या कामांनी बांधून घेतले, तरच ते शहर आपले वाटू लागते.

सोन नदीच्या काठावर से-आंत्वान घाटावर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. एकाच विक्रेत्याकडे नेमाने जावे. आधी ‘बाँजूर’ म्हणावे आणि मगच भाव विचारावा, कारण अभिवादन न करता थेट कामाचे बोलणे तिथे उद्धटपणाचे मानतात. भाजी आपण हाताळायची नसते, तोच निवडून देतो. उन्हाळ्यात खरबूज मागितले की आज खायचे आहे की उद्या, असे विचारून तो देठाजवळ हुंगून पाहतो आणि त्याप्रमाणे फळ हातात ठेवतो. तुटक्या फ्रेंचमध्ये होणारी ही दोन मिनिटांची देवघेव मला कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडली, आणि काही आठवड्यांनी त्याच माणसाने मी दिसत नव्हते म्हणून चौकशी केली, तेव्हा मला खरोखर धीर आला.

डाळी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि रवा यांसाठी गियोतिएर भागातील आशियाई व उत्तर आफ्रिकी दुकाने आहेत. ल प्युई भागातील हिरव्या मसुरीची उसळ फार चांगली होते. चीज घेताना मात्र वेष्टण वाचावे, कारण कोंतेसारख्या अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते आणि त्यावर ‘प्रेझ्यूर’ (म्हणजे हेच विरजण) एवढीच नोंद दिसते.

दुपारसाठी पार-द्यूचे महापालिकेचे ग्रंथालय आहे. तिथे बसून वाचायला पैसे लागत नाहीत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे सामान शनिवारीच भरावे आणि रविवारी तेत दॉर उद्यानात जावे. ११७ हेक्टरांचे ते उद्यान १८५७ मध्ये खुले झाले, आत तळे आणि प्राणिसंग्रहालय आहे, आणि प्रवेश विनामूल्य आहे.

खारघरवासी:
वरील मताशी सहमत आहे, पण सहलींची बाजूही मांडतो. गाडीची गरज पडत नाही. प्रादेशिक रेल्वेने साधारण दोन तासांत आन्सीचे सरोवर गाठता येते, तर अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या व्हियेन गावात भर चौकात रोमन मंदिर उभे आहे. लांबच्या प्रवासासाठी रेल्वेचे वार्षिक सवलतपत्र काढावे.

मुंबईकडच्या माणसाने मेट्रोच्या डी मार्गाने मोंप्लेझिर-ल्युमिएर स्थानकावर अवश्य उतरावे. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले ते इथेच, आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांच्या यंत्राने मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये पडद्यावर हलती चित्रे दाखवली. त्या जुन्या शेडखाली उभे राहताना मला आपल्याकडच्या चित्रपटांचा सारा इतिहास आठवला.

नोव्हेंबरमध्ये पोहोचत असाल तर ८ डिसेंबर चुकवू नका. १८५२ पासून त्या रात्री ल्योंचे लोक खिडक्यांच्या कठड्यांवर काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लावतात, आपण दिवाळीत पणत्या मांडतो तशाच. रोषणाईचा मोठा उत्सव त्या सुमारास काही रात्री चालतो आणि मध्य शहरात अफाट गर्दी होते, म्हणून पायी घरी परतता येईल असा बेत ठेवा.

घोडबंदरकर:
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या व्हिसावर मला तिथे शिकवण्याचे किंवा अन्य काम करता येईल का? तसेच निघण्यापूर्वी इथून काय करून घ्यावे?

वाशीचा_दीपक:
ते परवान्याच्या वर्गावर अवलंबून आहे. यजमानांना ‘टॅलेंट’ (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या) वर्गाचा परवाना मिळाला असेल, तर जोडीदाराला मिळणाऱ्या कुटुंब-परवान्यावर नोकरी करता येते. त्यामुळे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून वर्ग आताच लेखी विचारून घ्या. निवास परवान्याचे काम करणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. नोकरी न करणाऱ्या जोडीदाराला साधारणपणे तीन महिन्यांच्या सलग वास्तव्यानंतर सरकारी आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो, तोपर्यंतचा खासगी विमा इथूनच घ्या.

दोघांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र अपॉस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून होणारे सरकारी प्रमाणीकरण) करून ठेवा, कारण ते तिथे पुन्हा पुन्हा मागतात आणि मुंबईत राहून जे काम होते ते ल्योंहून करणे फार जिकिरीचे ठरते. जन्मदाखल्यावर तुमचे नाव आणि आईवडिलांची नावे पूर्ण आहेत ना, हे आजच तपासा. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचे नावच नसते, आणि ते महापालिकेत घालून घ्यायला वेळ लागतो.

आणखी एक: भाड्याच्या घरांत बऱ्याचदा विजेची शेगडी असते, तेव्हा कुकर इंडक्शनवर चालणाराच घ्या आणि त्याच्या दोन जादा रिंगा सोबत न्या.