रॅट, माऊस आणि ‘उंदीर’: नॅनोकणांच्या चाचण्यांतले शब्द

प्रश्न: टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याच्या नॅनोकणांवरचा (अतिशय बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजायच्या कणांवरचा) लेख मराठीत आणतो आहे. रॅट (मोठा) आणि माऊस (लहान) दोन्हींना ‘उंदीर’ चालेल का? आणि हॅझर्ड, रिस्क दोन्हींना ‘धोका’?

उत्तर: या विषयात ‘उंदीर’ अजिबात पुरत नाही, कारण निष्कर्ष प्राण्यागणिक बदलतात. जर्मनीतल्या १९९५ च्या प्रयोगात मादी रॅटना दोन वर्षे अशा हवेत ठेवले, जिच्यात घनमीटरमागे सरासरी १० मिलिग्रॅम कण होते. त्यांच्या फुफ्फुसांत गाठी झाल्या. माऊसमध्ये गाठींचे प्रमाण वाढले नाही. नंतरच्या १३ आठवड्यांच्या चाचणीत हॅमस्टरची फुफ्फुसे लवकर साफ झाली, रॅटमध्ये कण साचून दाह टिकला. दोन्हीकडे ‘उंदीर’ छापलेत तर वाक्ये एकमेकांना खोडतील. ‘घूस’ही नको, तो वेगळाच प्राणी. रॅट, माऊसच ठेवा.

आणखी एक उत्तर: हॅझर्ड म्हणजे धोका, रिस्क म्हणजे जोखीम. इजा करण्याची क्षमता हा धोका. किती कण, किती काळ, कोणत्या वाटेने आत गेले यावर जोखीम ठरते. रॅटच्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशी कणांनी गच्च भरल्या की सफाई मंदावते, दाह रेंगाळतो आणि गाठींची वाट मोकळी होते. म्हणून त्या कणभाराचा निष्कर्ष कमी संपर्क असलेल्या माणसाला थेट लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा ‘२ब’ गटही (‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ पदार्थ, ज्यात हे कण येतात) धोक्याचा आहे, जोखमीचा नव्हे. बातम्यांत नेमकी इथेच गल्लत होते.

प्रश्नकर्ता: डोसला ‘मात्रा’?

उत्तर: चांगला शब्द, पण मात्रा वजनाची की पृष्ठफळाची ते लिहाच. वजन तेच ठेवून २५० नॅनोमीटरऐवजी २० नॅनोमीटरचे गोल कण घेतले तर पृष्ठफळ साडेबारा पट होते. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा म्हणूनच वेगवेगळी आहे: सूक्ष्म कणांना घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो आकाराच्या, कणांना ०.३.

‘नाकावाटे दिले’ असेही मोघम लिहू नका. हवेतून श्वासाबरोबर गेले की द्रवात कालवून श्वासनलिकेत सोडले? दुसऱ्या पद्धतीत सगळी मात्रा एका क्षणात पोचते, शिवाय द्रवात कणांचे पुंजके होतात. ते ध्वनिलहरींनी फोडले नाहीत तर चाचणी पुंजक्यांची होते, नॅनोकणांची नाही.